घरच्या एसयूव्हीची कंपनी म्युझिक सिस्टीम सुधारताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रेटा, सेल्टोस, ब्रेझा, नेक्सॉन, स्कॉर्पिओ-एन यांसारख्या घरच्या गाडीत कंपनीने दिलेला आवाज ज्यांना अपुरा वाटतो, पण ज्यांना डिकी भरून स्पीकर लावायची हौस नाही, अशांसाठी ही उत्तरं आहेत. स्पर्धेसाठी गाडी तयार करणाऱ्यांचा मार्ग वेगळा असतो, त्याबद्दल इथे काही नाही.

कंपनीची सिस्टीम शोरूममध्ये छान वाजली होती. मग रस्त्यावर काय होतं?

उभ्या गाडीत, एसी मंद असताना, कोणतीही सिस्टीम बरी वाजते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर गाडी शंभरच्या जवळ गेली की टायरची घरघर केबिनभर पसरते, आणि ती नेमकी खालच्या सुरांच्या पट्टीत असते. तबल्याचा डग्गा, पखवाजाची थाप, बेस गिटार, पुरुषी आवाजातला भारदस्तपणा, सगळं त्याच पट्टीत येतं आणि तिच्याखाली दबून जातं. आपण व्हॉल्यूम वाढवतो. डग्गा तरीही येत नाही, उलट गायिकेचा स आणि श कानाला टोचायला लागतो, आणि मागच्या सीटवरून आजी म्हणतात, ‘जरा बारीक करा रे.’

त्यामुळे घरच्या गाडीत सुधारणा म्हणजे जास्त मोठा आवाज नव्हे. कमी व्हॉल्यूमला शब्द न् शब्द कळला पाहिजे, ताल अंगाला जाणवला पाहिजे आणि शेजारच्याशी बोलताही आलं पाहिजे. पुढची सगळी उत्तरं हे डोळ्यांपुढे ठेवून दिलेली आहेत.

पैसे खर्च करण्याआधी फुकटात काय सुधारता येईल?

बरंच काही. इक्वलायझर आणि ‘सराउंड’ किंवा ‘व्हर्च्युअल स्टेज’सारखे इफेक्ट बंद करून सगळं शून्यावर आणा. गाण्यांच्या ॲपमध्ये क्वालिटी सर्वांत वरची निवडा. बहुतेक ॲप डेटा वाचवण्यासाठी ती स्वतःच खाली आणतात. ॲपमधला वेगळा इक्वलायझरही बंद हवा. साध्या ब्लूटूथऐवजी केबल लावून अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले वापरून बघा. वायरलेस अँड्रॉइड ऑटो चालेल, कारण त्यात ब्लूटूथ मुख्यतः ओळख जुळवण्यापुरतं असतं आणि गाणं वाय-फायवरून येतं.

मग बॅलन्स हळूहळू मधून एका बाजूला न्या. एका बाजूला गेल्यावर बेस कमी होण्याऐवजी भरदार झाला, तर दोन्ही बाजूंच्या स्पीकरपैकी एकाचे प्लस-मायनस उलटे जोडलेले असण्याची शक्यता मोठी आहे. नव्या गाडीत असं सहसा होत नाही, पण एकदा कोणी दार उघडून काम केलेलं असेल तर हे हमखास तपासा.

सुरुवात कशापासून करावी? स्पीकर, अँप्लिफायर की सबवूफर (फक्त बेससाठीचा स्पीकर)?

दारापासून. हे उत्तर ऐकून लोक निराश होतात, कारण दारावर केलेला खर्च दिसत नाही. पण घरातल्या स्पीकरला लाकडी पेटी असते, तशी गाडीतल्या स्पीकरची पेटी म्हणजे दार. आणि कंपनीच्या दारात ही पेटी नावालाच असते.

पुढच्या दाराचं पॅनेल काढलं की काय दिसतं ते पाहा. मध्ये एक पातळ प्लॅस्टिकचा किंवा फोमचा कागद काळ्या चिकट गमाने चिकटवलेला असतो. त्याच्यामागे पत्र्यात हात जाईल एवढी मोठी भोकं असतात, काचेची मोटर बसवण्यासाठी ठेवलेली. बाहेरचा पत्रा बोटाने वाजवला तर डब्यासारखा खण्ण वाजतो. स्पीकर प्लॅस्टिकच्या फ्रेमवर बसलेला असतो, मागचं चुंबक चहाच्या कपाच्या तळाएवढं. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढे हवा दाबली जाते आणि मागे तितकीच ओढली जाते. त्या मोठ्या भोकांतून पुढची आणि मागची हवा एकमेकांना भेटते आणि खालचे सूर तिथेच संपतात. उरलेली ताकद पत्रा आणि पॅनेल थरथरवण्यात जाते.

काम दोन टप्प्यांचं आहे. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला ब्युटाइल रबर आणि ॲल्युमिनियम फॉइलचे, थरथर दाबणारे डॅम्पिंग शीट लावायचे. पूर्ण पत्रा झाकायची गरज नसते. मधला मोठा भाग आणि स्पीकरच्या बरोबर मागची जागा धरून पाव ते अर्धा पत्रा झाकला तरी खण्णऐवजी ठप्प आवाज येतो. मग आतल्या पत्र्यातली मोठी भोकं बंद करायची, पण उद्या काचेची मोटर बिघडली तर उघडता येतील अशा तऱ्हेने. शेवटी पॅनेलच्या क्लिपांना आणि वायरिंगला पातळ फोम लावला की खडखड थांबते.

शीट विकत घेताना हुंगून बघा. डांबराचा वास आला तर नको म्हणा. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या दारात डांबरी शीट मऊ होऊन घसरतात आणि वास केबिनमध्ये राहतो.

दार बंद केलं तर पावसाचं पाणी आत साचणार नाही का?

काम नीट झालं तर नाही. काचेच्या रबरातून थोडं पाणी दारात उतरतं, तशीच त्याची रचना असते, आणि ते दाराच्या तळाशी असलेल्या छोट्या भोकांतून बाहेर पडतं. ती भोकं डॅम्पिंगने बुजता कामा नयेत. फिटर बॉटमला शीट लावत असेल तर थांबवा. तो मूळचा प्लॅस्टिक कागद फाडून फेकून द्यायचा नाही. तो पाणी केबिनच्या बाजूला येऊ देत नाही. परत चिकटवताना गम कुठेही सुटलेला नको, नाहीतर पहिल्याच जोरदार पावसात पायाखालचं कार्पेट ओलं होतं.

आणखी एक कोकणात, मुंबईत आणि घाटमाथ्यावर राहणाऱ्यांसाठी. स्पीकर बसवायची रिंग एमडीएफची घेऊ नका. दोन पावसाळ्यांत ती फुगते, स्क्रू सैल होतात. एबीएस प्लॅस्टिकची किंवा मरीन प्लायची रिंग घ्या.

दारात एअरबॅगचे सेन्सर असतात म्हणे?

काही गाड्यांत असतात. बाजूने धडक बसली की दारातल्या हवेचा दाब अचानक वाढतो, तो ओळखणारा सेन्सर आतल्या पत्र्यावर बसवलेला असतो. तो झाकायचा नाही, हलवायचा नाही, आणि त्या दारातली कंपनीची सीलबंद रचना उघडी ठेवायची नाही. आपल्या मॉडेलमध्ये तो आहे का, हे सर्व्हिस सेंटरला विचारूनच काम सुरू करा. पिवळ्या रंगाचा कपलर कुठेही दिसला तर त्याला हात लावायचा नाही, हा नियम पूर्ण गाडीला लागू आहे.

कोॲक्सिअल घ्यावेत की कंपोनंट?

पुढे कंपोनंट. कोॲक्सिअलमध्ये ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) मोठ्या स्पीकरच्या मधोमध असतो, म्हणजे तुमच्या गुडघ्याशी. वरचे सूर एका रेषेत जातात, ते पायात अडकतात. कंपोनंटमध्ये ट्वीटर वेगळा, डॅशबोर्डच्या कोपऱ्यात किंवा आरशामागच्या त्रिकोणी पट्टीत बसतो. बहुतेक मधल्या आणि वरच्या व्हेरियंटमध्ये ही जागा कंपनीनेच दिलेली असते. गाणं पायाशी न वाजता समोर काचेपाशी वाजू लागतं, आणि हा फरक संगीतात रस नसलेल्यालाही कळतो.

आपल्याकडच्या बऱ्याचशा एसयूव्हींत पुढे साडेसहा इंची स्पीकर बसतो. तरी घेण्याआधी मापं घ्याच, खास करून खोली. काच पूर्ण खाली केल्यावर ती चुंबकाला घासता कामा नये. सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो त्याचा, आकडाही बघा. ९१ डेसिबलचा स्पीकर ८८ च्या स्पीकरइतका आवाज निम्म्या वॉटमध्ये देतो, म्हणून कंपनीच्या स्टीरिओवरच चालवायचे असतील तर हा आकडा ब्रँडपेक्षा महत्त्वाचा.

मागच्या दारांचे स्पीकर?

आत्ता राहू द्या. ते पैसे पुढच्या दारांत घाला. मागच्या सीटवर मुलं आणि मोठी माणसं बसतात, त्यांनाही पुढून येणारा स्वच्छ आवाज जास्त आवडतो. तीन रांगांच्या गाडीत शेवटच्या रांगेत रोज कोणी बसत असेल तरच मागे साधे कोॲक्सिअल लावण्यात अर्थ आहे.

स्टीरिओवर ‘५० गुणिले ४ वॉट’ लिहिलंय. मग वेगळा अँप्लिफायर कशाला?

तो आकडा क्षणभरासाठीचा आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट मिळतात. स्टीरिओतली छोटी चिप हा व्होल्टेज वाढवू शकत नाही, त्यामुळे ४ ओहमच्या स्पीकरला ती सलग २० वॉटच्या आसपासच स्वच्छ ताकद देते. त्यापुढे व्हॉल्यूम नेला की लहरींची टोकं कापली जातात, आणि कानाला टोचतं ते हेच. बाहेरच्या अँप्लिफायरमध्ये व्होल्टेज वाढवणारा भाग असतो, म्हणून तो ७५-१०० वॉट खरे देऊ शकतो.

खरे म्हणजे आरएमएस, सलग मिळणारी ताकद. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले ‘मॅक्स’ किंवा पीएमपीओ वॉट वाचूच नका. सीईए-२००६ या मानकाप्रमाणे मोजलेला आकडा असेल तर विश्वास ठेवा; ते माप १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्यापेक्षा कमी विकृती या अटींवर घेतलेलं असतं.

वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, हेही माहीत असू द्या. २० वरून ७५ वर गेलात म्हणून गाडी हादरणार नाही. ढोलकीचा प्रत्येक ठोका मात्र आपल्या वजनासकट येईल, चिरडून येणार नाही.

मोठी अँड्रॉइड स्क्रीन लावून घेऊ का?

आजच्या गाडीत माझं मत स्पष्टपणे नाही असं आहे. स्टीअरिंगवरची बटणं, रिव्हर्स कॅमेरा, काही गाड्यांत एसीची आणि गाडीची सेटिंग, सगळं कंपनीच्या स्क्रीनमधून जातं. ती काढून बाजारातली स्वस्त स्क्रीन लावली की यातलं काहीतरी अडतंच, आणि आवाज फारसा सुधारत नाही. कंपनीची स्क्रीन तशीच ठेवा. स्पीकरच्या वायरीतूनच सिग्नल घेणारे, म्हणजे हाय-लेव्हल इनपुटचे अँप्लिफायर सहज मिळतात. दहा वर्षं जुनी, साधा डबल-डिन (सहज बदलता येणाऱ्या ठरावीक मापाचा) स्टीरिओ असलेली गाडी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे चांगल्या कंपनीचा नवा स्टीरिओ जरूर घ्या.

माझ्या गाडीत बोस, सोनी किंवा जेबीएल आहे. त्यातही बदल करता येतो का?

येतो, पण स्पीकर बदलून नव्हे. क्रेटाच्या वरच्या व्हेरियंटमधली ८ स्पीकरची बोस किंवा एक्सयूव्ही७००ची १२ स्पीकरची सोनी ही सिस्टीम एकत्र जुळवलेली असते. अशा सिस्टीममध्ये वेगळा अँप्लिफायर असतो, स्पीकर अनेकदा ४ ओहमपेक्षा कमी असतात, आणि प्रत्येक स्पीकरला सुरांची ठरावीक पट्टीच पाठवली जाते. तिथे बाजारातला ४ ओहमचा महागडा स्पीकर लावला तर आवाज आधीपेक्षा बारीक आणि बेचव होतो. अशा मालकांनी दारांचं डॅम्पिंग करावं आणि हवाच असेल तर एक छोटा सबवूफर जोडावा. त्यापुढे जायचं असेल तर विभागलेला सिग्नल पुन्हा एकत्र करणारा डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसर) लागतो, आणि तो जुळवणारा माणूस शोधणं हेच मोठं काम आहे.

सबवूफर लावला तर डिकी जाईल ना?

जाईलच असं नाही. सीटखाली बसणारे ८ इंची सबवूफर मिळतात, अँप्लिफायर त्यातच असतो. गणपतीला गावी जाताना डिकीत चार बॅगा, ताडपत्रीत बांधलेलं सामान आणि मोदकाचं पातेलं असं सगळं मावायला हवं, तेव्हा घरच्या गाडीला हाच पर्याय योग्य. सीटखाली आधी टॉर्च मारून पाहा: मागे थंड हवा नेणारा एसीचा डक्ट तिथून जातो का, सीटच्या एअरबॅगचा पिवळा कपलर कुठे आहे, सीट पुढेमागे करताना सबला काय घासेल.

डिकीत पेटी ठेवायचीच असेल तर बंद पेटीतला १० इंची घ्या. त्याचा बेस आटोपशीर आणि तालाला धरून येतो. भोकाची पेटी आणि बास ट्यूब जास्त घुमते. लग्नाच्या वरातीला ते ठीक, पखवाजाला नाही. पेटी पट्ट्याने किंवा बोल्टने पक्की बांधलीच पाहिजे. करकचून ब्रेक लागला तर पंधरा किलोची पेटी सीटवरून पुढे येऊ शकते.

सब लागला की दारांच्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचं पाठवणं बंद करा. त्यांच्यावरचं ओझं उतरतं आणि गाणाऱ्याचा आवाज लगेच मोकळा होतो.

वायरिंगमध्ये कशावर अजिबात तडजोड करू नये?

फ्यूजवर. बॅटरीतून निघालेल्या वायरला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवा. तो अँप्लिफायरसाठी नसून वायरसाठी असतो. वायर कुठे घासून पत्र्याला लागली आणि मध्ये फ्यूज नसेल, तर बॅटरीची सगळी ताकद त्या एका जागी उतरते आणि गाडी पेट घेऊ शकते. इंजिनकडून केबिनमध्ये वायर नेताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट असलाच पाहिजे.

वायरीची जाडी हिशोबाने ठरवा. ७५ वॉटचे चार चॅनल म्हणजे ३०० वॉट. क्लास-डी अँप्लिफायर सुमारे ८० टक्के कार्यक्षम धरला तर तो बॅटरीतून ३७५ वॉट ओढेल, म्हणजे १३.८ व्होल्टला २७ अँपिअर. त्याला ८ गेजची तांब्याची वायर पुरते. बाजारात स्वस्त मिळणारी वायर बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. ती घ्यावीच लागली तर एक साइज जाड घ्या. टोक चाकूने खरवडलं की आतला पांढरा रंग दिसतो.

वॉरंटी जाईल का? इन्शुरन्सला सांगावं लागतं का?

वायर कापली, सोलली, टेप गुंडाळली, की इलेक्ट्रिकल वॉरंटीवर वाद होणार हे धरून चाला. म्हणून कपलर-टू-कपलर हार्नेस वापरा. मूळ कपलर तसाच राहतो, मध्ये नवा जोड बसतो, आणि गाडी विकताना सगळं काढून घेता येतं. काढलेले कंपनीचे स्पीकर फेकू नका, खोक्यात घालून माळ्यावर ठेवा.

इन्शुरन्सला जरूर सांगा. कंपनीने न बसवलेली इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी पॉलिसीत नोंदवलेली नसेल तर चोरीनंतर तिचे पैसे मिळत नाहीत. आयएमटी-२४ या कलमाखाली तिच्या किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता भरून ती नोंदवता येते. पक्कं बिल त्यासाठीच घ्यायचं.

डीएसपी म्हणजे नक्की काय, आणि त्याचे पैसे वसूल होतात का?

माझ्या मते दारांनंतर सर्वांत जास्त फरक यानेच पडतो. ड्रायव्हर उजवीकडे बसतो. उजवा स्पीकर त्याच्यापासून अंदाजे ९० सेंटिमीटरवर, डावा १४० वर. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे डाव्या स्पीकरचा आवाज जवळजवळ दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढ्याशा फरकाने मेंदू गायकाला उजव्या दारात नेऊन बसवतो. डीएसपी उजव्या स्पीकरला तेवढंच थांबवतो. बरोबर जुळलं की गायक डॅशबोर्डच्या मधोमध, काचेपाशी येतो, तानपुरा त्याच्यामागे पसरतो आणि तबल्याची दोन अंगं वेगळी ऐकू येतात.

घरच्या गाडीत दोन सेटिंग साठवून घ्या. एक फक्त ड्रायव्हरसाठी, दुसरं सगळे बसले असतानाचं, ज्यात वेळेची जुळवणी सौम्य असते. ट्यूनिंग मायक्रोफोन लावूनच करायला सांगा, आणि शेवटी आपल्या रोजच्या ऐकण्यातली गाणी लावून स्वतः ऐका.

इंजिनच्या आरपीएमबरोबर ‘घूं’ आवाज वाढतो. काय करू?

बहुतेक वेळा अर्थिंगचा दोष असतो. अर्थची वायर रंगावर बोल्टने आवळलेली असते. रंग खरवडून, चकचकीत पत्र्यावर, शक्य तितकी आखूड वायर लावली की बरेचदा प्रश्न मिटतो. पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने आणि सिग्नलची दुसऱ्या बाजूने नेलेली हवी. फिल्टर विकत घेणं हा शेवटचा उपाय.

एकूण खर्च किती धरावा?

शहराप्रमाणे आणि ब्रँडप्रमाणे बदलतो, पण अंदाज असा. पुढच्या दोन दारांचं डॅम्पिंग मजुरीसकट ४ ते ६ हजार, चांगले कंपोनंट ६ ते १५ हजार. इथे थांबलात तरी दहापैकी सात जणांचं समाधान होईल असं मला वाटतं. चार चॅनलचा अँप्लिफायर १० ते २० हजार, सीटखालचा सब तेवढाच, आणि डीएसपी असलेला अँप्लिफायर २५ हजारांच्या पुढे. सगळं एकदम करू नका. एक टप्पा करा, महिनाभर ऐका, मग पुढचं ठरवा.

कामासाठी माणूस कसा निवडावा?

मुंबईत कुर्ला-कलिन्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, इथे सामान भरपूर आणि भाव करता येतो. पण सामान आणि काम या दोन गोष्टी वेगळ्या धरा. ज्याच्याकडे डेमो गाडी आहे आणि जो उघडलेल्या दारांचे फोटो दाखवतो, त्याच्याकडे जा. ‘दार कसं सील करता?’ एवढं विचारा. उत्तर देण्याऐवजी तो लगेच वॉट आणि ब्रँड सांगू लागला तर पुढचं दुकान बघा. अर्ध्या तासात सगळं करून देतो म्हणणाऱ्याकडे क्लिपा तुटतातच.

मुलं गाडीत असताना आवाज किती ठेवावा?

८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागी मोठ्यांसाठी शिफारस केलेली मर्यादा आहे, आणि त्यानंतर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. मुलांचा विचार करून ७५ च्या आत राहा. फोनवरचं मोजणीचं ॲप अचूक नसलं तरी अंदाजाला पुरतं. मागच्या सीटवर बाळ झोपलेलं असेल तर मागचे स्पीकर फेडरने, म्हणजे पुढे-मागे आवाज वाटणाऱ्या सेटिंगने, बंद करता येतात. आणि रात्री १० नंतर सोसायटीत शिरताना काचा वर असल्या तरी बेस भिंतींतून जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

इलेक्ट्रिक एसयूव्हीत हे सगळं तसंच लागू होतं का?

दारं आणि स्पीकर, होय. इंजिनाचा आवाज नसल्याने डॅम्पिंगचा फायदा उलट जास्त जाणवतो. अँप्लिफायर लावायचा असेल तर आधी कंपनीला विचारा, कारण १२ व्होल्टची बॅटरी लहान असते आणि ती कन्व्हर्टरवर चार्ज होते. उच्च दाबाच्या विजेच्या नारिंगी वायरींच्या जवळपासही कोणाला काम करू देऊ नका.

गाडी ताब्यात घेताना काय तपासायचं?

दुकानातून निघण्याआधी चारही काचा पूर्ण खालीवर करा, सेंट्रल लॉक, आरशांची बटणं, रिव्हर्स कॅमेरा, हॉर्न आणि एसी चालवून बघा. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. गाणं बंद ठेवून खडबडीत रस्त्यावर एक फेरी मारा, पॅनेल वाजत असेल तर लगेच परत न्या. दोन दिवस गाडी उभी ठेवून एका झटक्यात सुरू होते का बघा. झाली नाही तर अँप्लिफायर बंद होत नसून बॅटरी खातोय, आणि त्याला चालू-बंद करणारी रिमोट वायर पुन्हा तपासून घ्यायला हवी. पहिला मोठा पाऊस झाला की पुढच्या दोन्ही पायदान्या उचलून कार्पेटला हात लावून बघा.